भिंतीवरचा कोंबडा आणि तुंबलेली नळी

"अहो, आपल्या भिंतीवर कोंबडा बसलाय," कुंदा अंगणातून ओरडली.

मी दाढी करत होतो. "मग हाकल त्याला," मी म्हणालो.

"हा हाकलून जायचा नाही. तुम्हीच बाहेर या."

अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी बाहेर आलो आणि रस्त्याकडच्या भिंतीसमोर उभा राहिलो. भिंतीवर पुरुषभर उंचीचा लालभडक कोंबडा होता. तुरा ताठ, छाती पुढे, चोच उघडी. खाली नाव-गाव काही नव्हतं. रंगाऱ्याला घाई झाली असावी किंवा उजाडलं असावं. पण नावाची गरजही नव्हती. नगरपालिकेच्या निवडणुकीत कोंबडा हे चिन्ह आमच्या वॉर्डातून उभ्या राहिलेल्या देवीदासचं आहे, हे अकोल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आता कुणी म्हणेल, निवडणुकीच्या दिवसांत कुणाच्या भिंतीवर कोंबडा येतो, कुणाच्या भिंतीवर छत्री येते, त्यात काय एवढं? पण माझी गोष्ट वेगळी होती. जठारपेठेतल्या आमच्या शाळेत मी संस्कृत शिकवत असे, आणि त्याच शाळेतल्या मतदान केंद्राचा केंद्राध्यक्ष म्हणून सरकारनं माझी नेमणूक केली होती. हुकूम हातात पडल्यापासून मी चालायलाच वेगळा लागलो होतो. कुणी नमस्कार केला तर त्याच्या मागच्या माणसालाही तेवढाच वाकून नमस्कार करायचा, म्हणजे पक्षपात नको. भाजी घेतानासुद्धा मी वांग्यांकडे आणि पालकाकडे सारख्याच नजरेनं पाहत असे. आणि अशा माणसाच्या घरावर एका उमेदवाराचा कोंबडा!

त्यातून मी एक पराक्रम करून बसलो होतो. केंद्राची खोली बघायला नायब तहसीलदार साहेब सोमवारी संध्याकाळी येणार होते. शाळा आमच्या घराला लागूनच. "साहेब, येताय तर चहाला घरी या," असं मी कचेरीत दहा लोकांसमोर म्हणालो होतो आणि साहेबांनी ते मान्यही केलं होतं.

मी तडक देवीदासकडे गेलो. हा माझा जुना विद्यार्थी. त्याच्या आणि संस्कृतच्या वाटेत राम शब्द जो आडवा पडला तो कायमचा.

"देवीदास, माझ्या भिंतीवर तुझा कोंबडा कसा आला?"

त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. "गुरुजी, तुमी त माये गुरुजी! गुरूच्या भितीवर नाई काढन त मंग कोनाच्या भितीवर काढन?"

"अरे, मी केंद्राध्यक्ष आहे!"

हे ऐकून त्याचं तोंड पडलं. "थे मले मालूम नोतं, गुरुजी. रंगारी तवाच मनत होता का भित लय मोक्याची हाय. आता थो त मूर्तिजापूरले गेला दुसऱ्या कामावर. तुमी पुसून टाका बिनधास्त. मी काई मननार नाई." मग जरा थांबून म्हणाला, "पन पुसल्या जाईन असं वाटत नाई. पक्का तेलाचा रंग हाय."

येताना नगरपालिकेत डोकावलो. तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "चित्र काढायला परवानगी घेतली होती का?"

"मी काढलेलंच नाही."

"मग पुसायचा अर्ज तुम्ही कसे करता? ज्यानं काढलं त्यानं करावा."

"त्यानं परवानगी घेतलेली नाही."

"मग आमच्या दृष्टीनं चित्रच नाही," कारकून म्हणाला. "नसलेलं चित्र पुसायची परवानगी कशी देणार?" हा युक्तिवाद इतका शुद्ध होता की मला त्याच्याविषयी आदर वाटला. शाळेत न्यायदर्शन शिकवायला असा माणूस पाहिजे होता.

घरी येऊन मी धोतर खोचलं, धुण्याचा सोडा आणि नारळाची शेंडी घेतली आणि भिंत घासायला लागलो. तासाभरानं मागे सरकून पाहिलं तर कोंबड्यावरची रात्रीची धूळ तेवढी गेली होती. तो आता जास्तच चमकत होता. मग चुन्याचा हात दिला. चुना वाळेपर्यंत कोंबडा दिसेनासा झाला, आणि वाळल्यावर पदराआडून पाहणाऱ्या नवरीसारखा गुलाबी होऊन पुन्हा वर आला. दुसऱ्या दिवशी तो चुनाही पोपडे होऊन गळून पडला. मग मी खुरपं घेतलं. कोंबड्याच्या पोटाखाली सुरुवात केली तर रंगाबरोबर भिंतीचा गिलावाच निघून आला, आणि तिथे एक पांढरा, लांबट, गोलसर डाग पडला. मी घाबरून खुरपं ठेवलं, पण व्हायचं ते झालंच होतं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारू लागला, "काय मास्तर, कोंबड्यानं अंडं देल्लं काय?"

आमच्या शेजारी हेमचंद्र वकील राहत. ते ओट्यावर बसून माझी सगळी धडपड पाहत होते. "मास्तर, जपून," ते म्हणाले. "भिंत तुमची असली तरी चित्र त्याचं आहे. आणि आता त्या चित्रात तुम्ही अंड्याची भर घातली आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्ही प्रचाराला हातभार लावला."

मी मटकन खाली बसलो. तेवढ्यात भाजीवाली पार्बताबाई डोक्यावरची टोपली उतरवून माझ्या शेजारीच टेकली. कंबरेवर हात ठेवून तिनं कोंबडा वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"मास्तर, असं नखानं खरडून काय होते? येले पान्याचा झोत पायजे. माया भावाचा, पुंजारामाचा, चांदूर रेल्वेले संत्र्याचा बगीचा हाय. थ्याच्यापाशी फवारनीचा पंप हाय. पायानं दाबला का असा झोत मारते, असा झोत मारते, का झाडाची कीड त सोडा, पानंबी राहत नाई!"

"मग झाडं कशी जगतात?" वकिलांनी विचारलं.

"थे पुंजारामाले इचारा. मी पंपाचं सांगून राहिली."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला तर पंपाचा मिळत होता. रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी चांदूर रेल्वे गाठलं.

पुंजाराम बगीच्याच्या फाटकातच भेटला. बहिणीच्या गावचा मास्तर आला म्हटल्यावर त्यानं मला पंपापर्यंत पोचूच दिलं नाही. आधी संत्री. मग झाडाखाली खाट टाकून ज्वारीची भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा. मग पुन्हा संत्री, कारण ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी दर घासाला "पंप" म्हणत होतो आणि तो दर घासाला "हो जी, देतो ना जी" म्हणत होता. शेवटी पंप आला. खाली लोखंडी पाय, त्यावर दाबायची पट्टी, एक लांबलचक काळी रबरी नळी आणि तिच्या टोकाला पितळी दांडी. अवजार पाहूनच मन निवलं.

"नळी जराशीक तुंबली हाय," पुंजाराम सहज म्हणाला. "मोरचूद आन चुन्याचं पानी मारलं होतं झाडाले, थेच सुकलं असन अंदर. जोऱ्यानं फुकलं का सुटते."

हे "जराशीक" पुढे मला केवढ्याला पडणार होतं, ते तेव्हा कळलं नाही.

परतीच्या गाडीत पंप मांडीवर, संत्र्यांचं पोतं पायाशी आणि नळी गळ्यात अशा थाटात मी बसलो. नळी ठेवायला दुसरी जागाच नव्हती. समोरच्या म्हाताऱ्यानं बराच वेळ पाहून विचारलं, "गारुडी काय जी तुमी?" मी संस्कृतचा शिक्षक आहे असं सांगितलं. त्यावर तो "असं होय," म्हणाला, पण त्यानं आपलं गाठोडं जवळ ओढून घेतलं. बडनेऱ्याला तिकीट तपासनीस चढला. पंपाला माणसाचं तिकीट लागतं, सामानाचं की जनावराचं, याचा विचार तो मूर्तिजापूरपर्यंत करत होता. शेवटी मी एक संत्रं सोलून त्याच्या हातावर ठेवलं आणि तो ते खाईपर्यंत अकोला आलं.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी कामाला लागलो. साहेब संध्याकाळी येणार होते. पंप भिंतीसमोर मांडला, बादलीत पाणी भरलं, दांडी कोंबड्यावर रोखली आणि पट्टीवर पाय दिला. दांडीच्या टोकाला एक थेंब आला. तो थोडा वेळ लोंबकळला आणि माझ्याच पायावर पडला.

मग मी नळी तोंडाला लावून फुंकायला बसलो. पुंजारामानं सांगितलं होतं तसं, जोरानं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, कानांत शंख वाजायला लागले, पण नळी ढिम्म. तोंडात मात्र अशी एक तुरट चव पसरली की पुढचे दोन दिवस मला चहा आणि काढा यांतला फरक कळत नव्हता. कुंदानं मला चूळ भरायला लावली आणि पुन्हा नळी तोंडाला लावाल तर खबरदार म्हणून दम दिला.

तोवर रस्त्यावर माणसं जमली होती. तुंबलेल्या नळीबद्दल सल्ला देता येत नाही असा माणूस वऱ्हाडात जन्मायचा आहे. कुणी म्हणालं नळी उन्हात टाका, कुणी म्हणालं सावलीत ठेवा. पार्बताबाई म्हणाली, "धुन्यावानी आपटा." मी आपटली. वकील म्हणाले, "दोन्ही टोकांनी ओढली की आतला खडा फुटेल." म्हणून एक टोक त्यांनी धरलं आणि एक मी. कोर्टातून नुकतेच आलेले असल्यामुळे त्यांच्या अंगात काळा कोट होता. आम्ही समुद्रमंथनासारखे ओढू लागलो. लोक ओरडायला लागले. वकिलांच्या हातून नळी सुटली तेव्हा मी संत्र्यांच्या पोत्यावर बसलेला होतो आणि जठारपेठ माझ्या प्रतिष्ठेला हसत होती.

"तुम्ही असं करा," कुंदा म्हणाली. "माझी लोकरीची सुई घ्या आणि आतून टोचा."

सुई आत गेली. छान गेली. इतकी छान की बाहेरच येईना. आता नळीत चुना, मोरचूद आणि कुंदाचा अर्धवट राहिलेला स्वेटर, असं सगळंच अडकलं.

मी पेटलो. "पाणी तापव," मी म्हणालो. बादलीत कढत पाणी ओतलं, दांडी वकिलांच्या हातात दिली आणि पट्टीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो. दाबत राहिलो. नळी फुगू लागली, शेळी गिळलेल्या अजगरासारखी. पंपातून कूं कूं असा आवाज यायला लागला. वकील दांडी हातभर लांब धरून म्हणाले, "मास्तर, हे माझ्या जबाबदारीवर नाही हं!"

आणि फट्ट झालं.

आधी सुई सुटली. द्रोणाचार्यांनी विचारलं तेव्हा अर्जुनाला म्हणे फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता. मला तर घामामुळे काहीच दिसत नव्हतं, तरी सुई सणसणत गेली आणि बरोबर कोंबड्याच्या डोळ्यात रुतून थरथरत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग नळीतून मोरचुदाचा आकाशी रंगाचा एक दाट झोत सुटला. वकिलांच्या हातांतली दांडी साप धरल्यासारखी वळवळत होती. पहिला फटकारा कोंबड्याच्या शेपटीवर, दुसरा मानेवर, तिसरा पंखावर, आणि चौथा, दांडी उलटी फिरल्यामुळे, खुद्द वकिलांच्या कोटावर. मी पायाखालची पट्टी सोडली तेव्हा पाणी संपलं होतं आणि वकील कृष्णवर्णाचे होते. काळे नव्हे, चित्रातल्या कृष्णासारखे.

कोंबडा निघाला नव्हता. त्याचा एक रवाही निघाला नव्हता. तो आता निळा झाला होता एवढंच.

मी डोकं धरून पायरीवर बसलो. साहेब यायला फार तर दोन तास होते. डोळ्यांसमोर नेमणुकीचा हुकूम रद्द होताना दिसत होता, आणि शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत उभा असलेला मी. कुंदा माझ्याजवळ आली. मला वाटलं ती आता सुईबद्दल बोलणार. पण ती भिंतीकडे पाहत होती, आणि एकदम हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"अहो, नीट बघा तरी! मान निळी, शेपूट निळं आणि डोक्यावर तुरा. हा कोंबडा आता राहिलाय कुठे? याला नुसती पिसं काढायची बाकी आहेत."

कुंदाची रांगोळी आमच्या पेठेत प्रसिद्ध होती. तिनं पदर खोचला, घरातून गेरू, हळद, चुना आणि कपड्यांची नीळ आणली, आणि शेपटीपासून सुरुवात केली. पोपडे सुटू नयेत म्हणून पार्बताबाईनं नीळ डिंकाच्या पाण्यात कालवली. शेजारच्या बायका आपापल्या घरून वाट्या घेऊन आल्या. मी आणि वकील पाणी आणत होतो. आखूड शेपटीतून लांब पिसारा निघाला. पिसापिसाला डोळा आला. चोच मिटली. तुऱ्याच्या जागी बारीक नाजूक कलगी झाली. माझ्या खुरप्यानं पडलेल्या त्या लाजिरवाण्या अंड्याला पाकळ्या फुटल्या आणि त्याचं कमळ झालं. बायका काम करता करता गाणी म्हणायला लागल्या. मी शपथेवर सांगतो, माझ्या त्या घराची भिंत इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती.

शेवटचा हात फिरतो न फिरतो तोच साहेबांची जीप आली. ते उतरले, थबकले आणि चष्मा पुसून पुन्हा लावला.

"वा! मयूर! सरस्वतीचं वाहन. मास्तर, शिक्षकाच्या घराला हे शोभतं."

मी नम्रपणे मान झुकवली. एवढ्यात आपल्या चारपाच माणसांसकट देवीदास गल्लीत शिरला. भिंतीसमोर येऊन तो उभा राहिला, आणि त्यानं आ वासला.

"माया कोंबडा कुठी गेला?"

"कसला कोंबडा?" साहेबांनी वळून विचारलं.

देवीदासनं साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या मोराकडे पाहिलं. राम शब्द चालवताना ज्याच्या चेहऱ्यावर कधी उजेड पडला नव्हता, त्याच्या चेहऱ्यावर तो त्या क्षणी पडला.

"घरचा कोंबडा जी," तो म्हणाला. "सकायपासून हरपला. पाहून राहिलो." आणि खाली वाकून त्यानं हाक घातली, "ये, ये, ये! कुक्कू कुक्कू!"

त्याची माणसंही वाकून "कुक्कू कुक्कू" करत फिरायला लागली. साहेब मोठे मायाळू निघाले. त्यांनी आपल्या शिपायालाही शोधायला पाठवलं. मी साहेबांना आत नेऊन चहा दिला आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. उद्याचा नगरसेवक भर रस्त्यात ओणवा होऊन माझ्या इभ्रतीसाठी कोंबडा शोधत होता. त्याला संस्कृतात मी इतके कमी मार्क का दिले असावेत, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

मतदानाचा दिवस उजाडला. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र. आडोशाला जायचं आणि हातातली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. सकाळपासून सगळं शिस्तीत चाललं होतं. दुपारी पार्बताबाई आली, मतपत्रिका घेऊन आडोशाला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग पडद्यातून तिचं डोकं बाहेर आलं.

"मास्तर, मोराची पेटी कुठी हाय?"

"पार्बताबाई, मोराची पेटी नाही. आहेत त्यांतलीच एक निवडा."

"आहेत थ्या पायल्या मी. कोंबडा हाय, सायकल हाय, छत्री हाय. मले मोराले मत द्याचं हाय."

"मोर उभा नाही हो!"

"उभा नाई?" ती पडद्यातून पूर्ण बाहेर आली. "तुमच्या भितीवर मंग थो काय निजला हाय?"

सगळी ओळ हसायला लागली. बंदोबस्ताचा पोलीस तोंड फिरवून उभा राहिला. केंद्राध्यक्षानं कुणाची बाजू घेऊ नये हे मला पाठ होतं, पण निवडणुकीला उभ्याच नसलेल्या मोराची बाजू घ्यावी की नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"मंग राहू द्या," पार्बताबाई म्हणाली. "मोर उभा राहीन तवाच देईन." तिनं मतपत्रिका कंबरेला खोचली आणि चालू लागली.

सरकारी मतपत्रिका केंद्राबाहेर गेली! मी खुर्ची लोटून धावलो. पुढे पार्बताबाई, मागे मी, टोपी हातात. "पार्बताबाई, कागद द्या! सरकारी कागद आहे तो!" कोपऱ्यावर उभा असलेला देवीदास हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुमी धावू नका, मी आनून देतो."

"तू हात लावू नकोस!" मी धावता धावता ओरडलो. "तू उमेदवार आहेस!"

ती आपल्या भाजीच्या टोपलीपाशी जाऊन थांबली. "देतो कागद. पन तुमच्या बाईनं माया घराच्या भितीवर अस्साच मोर काढून द्याचा."

मी विचारात पडलो. मतदाराला आमिष दाखवणं हा गुन्हा. पण इथे आमिष तीच मला दाखवत होती. समोरच्या ओट्यावरून वकील ओरडले, "कबूल करा, मास्तर! कायद्यात बसतं!" त्यांच्या कानामागे अजून थोडा निळा रंग होता.

मी कबूल केलं. पार्बताबाई माझ्यासोबत परत आली, आडोशाला गेली आणि मत टाकून हसत बाहेर पडली. कुठल्या पेटीत टाकलं ते तिचं तिला माहीत. देवीदास निवडून आला एवढं खरं.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे पार्बताबाईच्या घरी गेलो. कुंदाच्या हातात रंगांच्या वाट्या, वकिलांच्या खांद्यावर शिडी, नगरसेवक देवीदासच्या हातात पाण्याची बादली. पंप न्यायला आलेला पुंजारामही संत्री घेऊन हजर होता. मला कुणी कशालाही हात लावू देत नव्हतं. पार्बताबाईनं आधीच भिंत शेणानं सारवून, वर चुन्याचा हात देऊन तयार ठेवली होती.

"इथी काढा, बाई," ती कुंदाला म्हणाली. "येनाऱ्या-जानाऱ्याले दिसला पायजे. आन बाजूले जराशीक जागा ठेवजा."

"ती कशाला?" मी विचारलं.

"लांडोरीले," पार्बताबाई म्हणाली. "थ्यानं एकट्यानं काहून राहावं?"

कुंदानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि आधी लांडोर काढली.